भिंत पाडली रे, लंब्या

लातूर,
मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय लंब्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर "बोलू निवांत" म्हणत म्हणत उन्हाळा आला. रागवायचं तेवढं रागव, पण आधी हे वाच. आपल्या बास्केटबॉल ग्राउंडची भिंत पाडली. लिंबाखालची, आपलीच. परवा सकाळी जेसीबी आला आणि मी पोचेपर्यंत अर्धी खाली आली होती. घरात म्हणतात, नवा हॉल होतोय, मग तोंड का उतरलं? त्यांना काय सांगू? म्हणून तुला लिहायलो.

आईचा गुडघा बराय. माझी शुगर ताब्यात. झालं.

तर हॉल. लाकडी फ्लोअर, वर छत, पावसाळ्यातही मॅच. आपण शाळेपासून हेच मागत होतो ना? नकाशा समितीपुढं आला तेव्हा मी कोर्ट तेवढं तपासलं. २८ बाय १५ मीटर, रिंग ३.०५ मीटरवर, सगळं नियमात. सही केली. माणसं कुठं बसणार ते बघितलंच नाही. काल बघितलं. एकाच बाजूला, वरच्या मजल्यावर गॅलरी, पुढं कठडा, कोर्टापासून सात मीटर लांब. रिंगांच्या मागं कोऱ्या भिंती. कालपासून झोप नाही मला.

रेषेबाहेर २ मीटर मोकळी जागा नियमानंच लागते आणि ती हवीच, पोरं धडपडतात. पण सात? आपल्या भिंतीवर बसणाऱ्यांना थ्रो-इनच्या वेळी, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकताना, पाय वर घ्यावे लागायचे, आठवतं? बॉल हातात घेऊन तू "काका, पाय" म्हणायचास. मागच्या गल्लीतल्या बाया माळवदावर गहू निवडता निवडता आपला स्कोअर सांगायच्या. बूट घासल्याचा आवाज, सरांची शिवी, समोरच्याचा धापा टाकणारा श्वास, सगळं त्या भिंतीवर ऐकू यायचं. क्रिकेटमध्ये माणूस ठिपक्याएवढा दिसतो. इथं घाबरलेला चेहरा दिसतो. कोण घाबरलंय ते भिंतीला आपल्याआधी कळायचं.

समितीतले म्हणतात, मोठ्या देशांत असेच हॉल असतात. कुठं असतात? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन स्टेडियम १९४० सालचं. बसायला जागा ९,३१४, म्हणजे तिकडच्या मानानं खोलीच. पण पोरं रेषेला खेटून उभी असतात, थ्रो-इन करणाऱ्याच्या कानात ओरडतात. तिथं जाऊन जिंकायचं म्हणजे पाहुण्या टीमची परीक्षा. बोस्टनच्या टीमचा बोस्टन गार्डन हॉल तर जुनाट होता, एसी नव्हता. १९८४ च्या एनबीए, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगच्या फायनलला आत पारा ३६ अंशांवर गेला. (आपल्याकडं मार्चात ३६ झालं की आपण म्हणतो, आज बरं आहे.) पाहुण्या लेकर्स टीमचा करीम अब्दुल-जब्बार बाकावर बसून ऑक्सिजन घ्यायला लागला आणि बोस्टनच्या लॅरी बर्डनं ३४ पॉईंट मारले. ती गर्मी आणि तो गोंगाट बोस्टनच्या बाजूनं खेळत होता. आणि बोर्ड! रिंगमागचा बोर्ड कशामुळं आला? सुरुवातीला बास्केट गॅलरीच्या कठड्याला टांगलेली असायची आणि वर बसलेले लोक हात घालून बॉल अडवायचे किंवा आत ढकलायचे. ते थांबवायला आडोसा लावला, तोच आपला बोर्ड. बघणाऱ्यांनी खेळाचं सामान बदललं, लंब्या. त्यांना वर कोंडून कसं चालेल?

आणि आपण मुंबईला गेलो ते? ५ ऑक्टोबर २०१९, वरळीचा डोम. आदल्या रात्री लातूर एक्सप्रेसमध्ये तुझे पाय बर्थबाहेर, येणारा-जाणारा वाकून जायचा, जणू तुझ्या पाया पडतोय. एनबीएच्या दोन टीम आल्या होत्या, पेसर्सनं किंग्जला १३० विरुद्ध १०६ नं धुतलं. एकतर्फीच झाली मॅच. खरी मॅच आदल्या दिवशी, ओव्हरटाइममध्ये १३२–१३१, ती ३,००० शाळकरी पोरांनी बघितली. यावरून तू परतीच्या प्रवासात कुर्डुवाडीपर्यंत कुरकुरत होतास. पण डंक झाला, उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये ठोकला, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसानं मला मिठी मारली, ते मला स्कोअरपेक्षा पक्कं आठवतंय. पुढच्या वर्षी कोरोनात अमेरिकेत ऑरलँडोला रिकाम्या हॉलमध्ये एनबीएचे सामने झाले. तेच खेळाडू, तीच फायनल, आवाज स्पीकरमधून. मी दोन मॅच बघून बंद केलं.

आता खरं सांगतो. १९९८ ची फायनल. त्यानंतर दोन महिने बोललो नव्हतो आपण. एका पॉईंटनं पुढं होतो, सात सेकंद राहिलेले, नांदेडच्या त्या बारक्या पोराला दोन फ्री थ्रो. हलगी कडाडत होती, पोराचे हात लटपटत होते. आणि तू हात वर केलास. हलगी थांबली. सगळी भिंत गप्प. पोरानं दोन्ही टाकले आणि आपण हरलो. मी तुला ग्राउंडवरच गद्दार म्हणालो.

लंब्या, काल नकाशा बघताना पहिल्यांदा कळलं की तू काय केलं होतंस. एका हातानं तीनशे माणसं गप्प केलीस, कारण ती तुझ्यापासून दोन हातांवर होती, तुझं तोंड त्यांना दिसत होतं. वरच्या गॅलरीत बसलेल्यांना कोण थांबवणार? आणि उठवणार तरी कोण? तो शब्द मी परत घेतो. सत्तावीस वर्षं उशीर झाला.

शुक्रवारी बैठक आहे. सही माझी आहे, ते मी तिथं कबूल करणार. मागणी एवढीच: लांबीच्या दोन्ही बाजूंना आणि एका रिंगमागं, २ मीटर सोडून, सिमेंटच्या तीन-तीन पायऱ्या. गॅलरी राहू द्या वर. छताला आवाज शोषणारे तक्ते लावायचेत म्हणे, तेही नकोत. आवाज खाली परत आला पाहिजे. इंजिनिअर पोरगा चांगला आहे, ऐकेल असं वाटतं, पण त्यानं भिंतीवरची गर्दी कधी बघितलेलीच नाही. नुसतं सांगून त्याला कसं कळणार?

तुझ्या फ्लॅटचं ऐकलं, अभिनंदन. पोरीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला का? वहिनींना नमस्कार सांग.

तुझ्याकडं तो फोटो आहे ना, रिंगखालून काढलेला, ज्यात भिंतीवरचे सगळे पाय वर घेऊन बसलेत? कपाटातल्या लोखंडी पेटीत होता. शुक्रवारी सकाळपर्यंत पाठव. मोठा करून घेतो.

तुझा,
७ नंबर