अर्जात रकानाच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गतिरोधकासाठी अर्ज करून थकलेल्या वाचकांची पत्रं आपल्याकडे नेहमी येत असणार. हेही त्यातलंच. फरक एवढाच की माझा अर्ज फेटाळला ते बरोबर झालं, असं आता माझं मत आहे. भांडण आहे ते तो कसा फेटाळला याबद्दल.

आमचा रस्ता छोटा पण सरळसोट. दोन्ही टोकांना हमरस्ते, त्यामुळे सिग्नल चुकवू पाहणाऱ्या सगळ्यांना तो सकाळी बरोबर सापडतो. गेल्या वर्षी मी ३१ शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन एक गतिरोधक आणि एक ‘थांबा’ फलक मागितला. (सह्या भराभर मिळाल्या. गतिरोधक नेमका कुठे हवा असं विचारलं, की जो तो शेजारच्या फाटकाकडे बोट दाखवायचा.) सात महिन्यांनी उत्तर आलं: ‘सर्वेक्षण केले असता सरासरी वेग मर्यादेत आढळला. अपघाताची नोंद नाही. पादचारी संख्या अल्प. सबब मागणी निकषात बसत नाही.’

मी ३२ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत नुसता निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलाची वही मी परत करायचे. वेग कुठे मोजला, किती वाजता, किती वाहनांचा? कार्यालयात जाऊन विचारलं. तिथल्या अभियंत्यांनी कुरकुर न करता नस्ती काढली, हे नमूद करायला हवं. वाहनं मोजायच्या रबरी नळ्या टाकल्या होत्या टोकाला, हमरस्त्याच्या वळणापासून वीस पावलांवर. वळणावर कोण जोरात जाणार? तिथे वेग कमीच भरणार.

मग मी स्वतःच मोजलं. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा आणि हातात मोबाइलमधलं स्टॉपवॉच. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ४ लागले तर ४५. सकाळच्या गर्दीत ४० वाहनं टिपली. गंमत म्हणजे माझीही सरासरी मर्यादेतच भरली: ३७, आणि मर्यादा ४०. पण वाहतूक अभियंते सरासरीवर थांबत नाहीत. शंभरातली ८५ वाहनं ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग पाहतात. माझ्या यादीत कमी वेगापासून मोजत गेलं की तो आकडा ३४ व्या वाहनाचा. त्याचा वेग ४५. त्यापुढची सहा वाहनं आणखी जोरात. रस्ता ओलांडणाऱ्याला धडकतं ते सरासरी वाहन नव्हे, या सहांपैकी एखादं.

ताशी ३० ने येणारा चालक धोका दिसल्यापासून कोरड्या रस्त्यावर साधारण १३-१४ मीटरमध्ये थांबतो. ५० ने येणाऱ्याचे तेवढे मीटर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच सरलेले असतात. वस्तीतल्या रस्त्यांसाठी ३० हा आकडा जगभर पुढे येतो तो याचमुळे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने, काही मोठे रस्ते वगळून, ही मर्यादा १९९२ मध्येच शहरभर लावली.

हे आकडे घेऊन पुन्हा गेले, तेव्हा त्या अभियंत्यांनी माझी चूक मला समजावली. ‘थांबा’ फलक वेग कमी करण्यासाठी नसतोच. कोणी आधी जायचं हे ठरवण्यासाठी असतो. आडवी वाहतूक नसलेल्या जागी तो लावला तर चार दिवसांत लोक त्याला जुमानेनासे होतात, आणि मग जिथे तो खरंच लागतो तिथलाही धाक जातो. गतिरोधकाचंही तसंच. रस्त्यावर उठवलेल्या अरुंद वरवंट्याने हळू जाणाऱ्याची कंबर मोडते, जोरात जाणाऱ्याला मात्र तो फारसा जाणवत नाही, धक्का चाकं आणि स्प्रिंगाच सोसतात. ब्रिटनमधल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार उंचवटा बसवला, तो हेच उलटं करण्यासाठी: जितका वेग जास्त तितका त्रास जास्त. पण एकच बांधला तर वाहनं त्याच्यापुरती दबतात आणि पुढे दुप्पट जोराने सुटतात. शिवाय रुग्णवाहिकेलाही प्रत्येक उंचवट्यावर वेग मोडावा लागतो. आमच्या रस्त्याला हवा आहे तो ओलांडण्याच्या जागी अरुंद केलेला रस्ता, आणि तिथली दृष्टी अडवणाऱ्या गाड्या हलवणं. हे मला सुचलंच नव्हतं.

सुचावं तरी कसं? अर्जात एकच रकाना आहे: ‘मागणीचे स्वरूप’. नागरिकाला ठाऊक असतं दुखणं, आणि विचारतात ते औषधाचं नाव! औषध चुकलं की अर्ज निकाली, दुखणं तसंच. ‘त्या ठिकाणी काय घडते, किती वाजता, कोणाला त्रास होतो’ असा रकाना असता, तर पहिल्याच अर्जात काम झालं असतं.

राहिली ‘पादचारी संख्या अल्प’. आमच्या समोरच्या आजी पूर्वी रोज सकाळी रस्ता ओलांडून बहिणीकडे जात. दोनदा जीव मुठीत धरून परतल्यावर त्यांनी जाणंच सोडलं. आता दोघी फोनवर बोलतात. नळीत त्यांची नोंद नाही, अपघाताच्या वहीत नाही. अभियंत्यांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘असं मोजायला आमच्याकडे काही नाही.’ तुम्ही फक्त लिहून घ्या, एवढंच मी म्हटलं.

मागणी न लिहिता नुसती हकिकत सांगणारा नवा अर्ज मी परवा दिला आहे. ४० वाहनांची यादी जोडली आहे. खिडकीवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘पण तुम्हाला हवंय काय?’ आवक क्रमांक अजून मिळालेला नाही.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका