रविवारच्या राइडआधी नटबोल्ट बघून घ्या

मंडळी, ताम्हिणीला निघायच्या आधी शनिवारीच फूटरेस्ट, नंबर प्लेट, साडी गार्ड आणि सायलेन्सरचा ब्रॅकेट चेक करा, सिंगल सिलिंडर बाइकच्या थरथरीने हेच आधी ढिले पडतात. नुसत्या स्प्रिंग वॉशरवर (नटाखालची चिरलेली कडी) विसंबू नका प्लीज, आडव्या हादऱ्यात तो फारसा धरत नाही. आटे तेलकट असतील तर नीट पुसून कोरडे करा, मग निळ्या थ्रेडलॉकरचे (आटे धरून ठेवणारा गोंद) एक-दोन थेंब, लाल नको, ते नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) काढला की नवाच टाका, आणि सायलेन्सरजवळ तो नकोच, आतलं नायलॉन उष्णतेने मऊ पडतं. घट्ट केल्यावर नटावरून बोल्टवर मार्करची एक रेघ ओढा, चहाला थांबलो की नुसतं वाकून बघायचं, रेघ सरकली म्हणजे नट फिरलाय. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळायचा पाना) माझ्याकडे आहे, हवा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी या.