अक्षरांवरून इंग्लिश शब्द: उत्तरं नकोत, शोधायची रीत छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर 'दिलेल्या अक्षरांतून इंग्लिश शब्द शोधा' असं कोडं येतं, त्याबद्दल लिहितेय. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, घरीच इंग्लिशची शिकवणी घेते, माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं घरी मराठी, बाहेर गुजराती आणि शाळेत इंग्लिश मीडियम अशी आहेत. हे कोडं आम्हाला फार आवडतं, ते बंद अजिबात करू नका, पण ज्या पद्धतीने छापता त्यात बदल करा एवढीच विनंती आहे.

होतं काय, की कोड्याखाली उलटी छापलेली उत्तरं असतात, आणि ती नसली तरी मोबाइलवर अक्षरं टाकली की साइट क्षणात सगळी यादी काढून देते. मागे ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी सात अक्षरं होती तेव्हा सहावीतल्या एका मुलीने वहीत 'स्टीअरिन' लिहून आणलं. मी म्हटलं हे काय गं, तर म्हणे "काकू, बरोबर आहे तो, साइटवर आलाय." शब्द खरंच बरोबर आहे, चरबीतला एक घटक असतो तो, पण तिच्या वहीत स्टीअरिन होता आणि ट्रेन नव्हता, रेन नव्हता, सायरन नव्हता, कारण साइटवर लांबलचक शब्द सगळ्यात वर असतात आणि तेवढेच उतरवून झाले होते.

मग आम्ही मोबाइल बाजूला ठेवून तीच सात अक्षरं परत घेतली. नुसती अक्षरं उलटसुलट करत बसलं तर सात अक्षरांच्या ५०४० मांडण्या होतात, मुलं कंटाळणारच ना. म्हणून आधी ए, ई, आय हे स्वर एकीकडे काढायचे आणि उरलेली अक्षरं दुसरीकडे, मग जोडीने येणारी अक्षरं बघायची, टीआर आहे, एसटी आहे, सुरुवातीला लागणारं आरई आहे, शेवटी लागणारं ईआर आहे. आणि अक्षरं एका ओळीत न लिहिता गोल लिहायची, ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाला चिकटून बसतो. टीआर धरल्यावर त्याच मुलीला ट्रेन दिसली, ट्रेनच्या पुढे एस लावून स्ट्रेन झाला, आरई पुढे ठेवून रिटेन आला, आणि त्याच सहा अक्षरांतून डोळ्यातला रेटिना निघाला तेव्हा ती जागची उठून उभीच राहिली.

इतकी वर्षं मुलांना बघून माझं एक ठाम मत झालंय, की आपली मुलं शब्द कानाने शोधतात. मराठी असो की गुजराती, आपण जसं बोलतो जवळजवळ तसंच लिहितो, आणि स्वर बहुतेक वेळा काना-मात्रा होऊन व्यंजनाला लागूनच येतो, त्यामुळे सुटे पडलेले ए, ई, आय बघून मुलांना समजतच नाही की यांचं करायचं काय, म्हणून तर स्वर आधी वेगळे काढायचे. एल, आय, एस, टी, ई, एन ही सहा अक्षरं द्या, सायलेंट चटकन येतो पण लिसन येत नाही, कारण लिसन म्हणताना टी ऐकूच येत नाही. ज्या मुलाने तो टी स्वतः शोधून जागेवर बसवला त्याचं ते स्पेलिंग परत चुकलेलं मी तरी बघितलं नाही. यादी उतरवणाऱ्याचं मात्र चुकतं.

साइट हे कसं करते तेही मुलांना सांगावं असं मला वाटतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शब्दातली अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावायची, की लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल चारही शब्दांचं ई-आय-एल-एन-एस-टी असं एकच रूप होतं, ते एकदा साठवून ठेवलं की शोधायला वेळच लागत नाही. आमच्या मुलांनी लग्नपत्रिकांचे पाठकोरे कागद कापून अशी चिठ्ठ्यांची पेटीच केलीय, वर लावलेली अक्षरं आणि खाली शब्द, आणि अर्थ माहीत असल्याशिवाय शब्द पेटीत टाकायचा नाही हा नियम त्यांनी स्वतःच काढलाय. एखाद्या शब्दावर अडलं तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन डिक्शनरी बघतो, सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेली लायब्ररी जवळ असताना मुलांना तिथे नेलं नाही तर काय उपयोग.

आता नियमांचं. तुमच्या कोड्यात एक अक्षर दोनदा वापरायचं की नाही हे कधीच लिहिलेलं नसतं, त्या सात अक्षरांत एकाने टेनिस लिहिला, त्यात एन दोनदा येतो, त्यावरून सगळी संध्याकाळ वाद. स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळात हातात असलेली अक्षराची सोंगटी एकदाच वापरता येते, न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या कोड्यात तेच अक्षर कितीही वेळा चालतं पण मधोमध दिलेलं अक्षर शब्दात यायलाच हवं, आणि तिसरा प्रकार म्हणजे दिलेली अक्षरं शब्दात असली की झालं, बाकीची आपण घालायची, म्हणजे क्यू, यू, झेड दिले तर क्विझ आणि क्वार्ट्झ दोन्ही चालतील. तिन्ही वेगळी कोडी आहेत, कोणतं आहे ते वर एका ओळीत छापा.

आणि एस शक्यतो देऊ नका. स्क्रॅबल तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी पेपरच्या पानांवरची अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती ठेवायचं ते ठरवलं, ई च्या १२ सोंगट्या ठेवल्या पण एस च्या चारच, कारण एस लावून अनेकवचन करणं फार सोपं पडतं. आमच्याकडेही निम्मी यादी कॅट-कॅट्सनेच भरते.

तर विनंती अशी, की उत्तरं त्याच अंकात न देता पुढच्या रविवारी द्या, आणि देताना दोन-तीन शब्द तरी कसे सापडले ते लिहा, अनोळखी शब्दाचा मराठी अर्थ द्या. सुरुवातीला ए, ई, जी, एल, आर ही पाच अक्षरं घेऊन बघा, पाचही एकेकदाच वापरून होणारे चार तरी शब्द आहेत. आमची मुलं त्या रविवारी पेपरची वाट बघतील.

कळावे,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा