सदाचारी लोक तेव्हा कुठं होते?

लोवेल, मॅसॅच्युसेट्स
२ जून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण बाबांनी परवा जे विचारलं त्याचं उत्तर फोनवर देता येईना. "जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पण गुलामीवरून तिथली लढाई १८६१ साली पेटली. त्याआधी तीस-चाळीस वर्षं हे सदाचारी लोक कुठं होते?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले, मग आईनं औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवायला लावला. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. लहानपणी त्या अर्पणपत्रिकेवर बोट ठेवून तुम्ही मला वाचायला शिकवलंत, बाबा. त्या शब्दांबद्दल तुम्हाला अर्धवट उत्तर द्यायला मन धजत नाही.

सुरुवात मी राहते त्या गावापासून करते, कारण हे गाव कापसाचं आहे. आता इथं कापूस येत नाही. पण नदीकाठी जुन्या गिरण्यांच्या लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत आणि एका गिरणीचं संग्रहालय केलंय. खालच्या मजल्यावर जुने माग चालवून दाखवतात. आवाज एवढा की आत जाताना कानात घालायला बोळे देतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला तुमची सरकी काढायची जिन आठवली. हंगामात तुम्ही घरी यायचात तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुईचे तंतू चिकटलेले असायचे आणि जेवताना आपल्याला तुमच्याशी ओरडून बोलावं लागायचं.

तुम्ही ज्या यंत्राजवळ तीस वर्षं उभे राहिलात, त्याचाच पूर्वज इथं १७९३ साली एली व्हिटनी नावाच्या माणसानं बनवला. इकडच्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट धरून बसते. हातानं काढायची तर दिवसभर बसून जेमतेम अर्धा किलो रुई निघायची. यंत्र आलं आणि कापूस लावणं एकदम परवडायला लागलं. पण वेचणी हातानंच करायची होती. आई, ती वेचणी तुला माहीत आहे. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांची काय गत होते ते मी तुझ्या हातांवर पाहिलंय. १७९० साली या देशात सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली जवळजवळ चाळीस लाख झाले. दक्षिणेतल्या मळ्यांतला तो कापूस इथं लोवेलला यायचा. इथल्या गिरण्यांत त्याचं जाडंभरडं कापडही विणायचे, आणि ते परत दक्षिणेत जाऊन गुलामांच्याच अंगावर चढायचं. त्या कापडाला तिकडं 'लोवेल' असंच म्हणत. हे मला इथं दोन वर्षं राहिल्यावर कळलं. त्यानंतर आठवडाभर मी त्या गिरणीवरून जाताना मान वर केली नाही.

म्हणजे बाबा, उत्तरेत गुलाम जवळजवळ उरले नव्हते, पण गुलामीचा पैसा होता. चार्ल्स सम्नर या इथल्याच पुढाऱ्यानं १८४८ साली भर सभेत सांगितलं की चाबकाच्या मालकांची आणि मागाच्या मालकांची युती झाली आहे.

अशा ठिकाणी सदाचारी माणसांचं काय होतं ते आता सांगते. विल्यम लॉइड गॅरिसननं १ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टनमध्ये एक साप्ताहिक सुरू केलं. मागणी एकच: गुलामी बंद करा, आणि ताबडतोब करा. १८३५ साली गुलामीविरोधी स्त्रियांच्या सभेला तो गेला, तर जमावानं त्याला दोरी बांधून रस्त्यातून ओढलं. हा जमाव गुंडांचा नव्हता. त्यात पेढीवाले, व्यापारी, चांगल्या कपड्यांतली चांगल्या घरची माणसं होती. जीव वाचावा म्हणून महापौरानं गॅरिसनला त्या रात्री तुरुंगात ठेवलं. दोन वर्षांनी इलिनॉयमधल्या ऑल्टन गावात इलायजा लव्हजॉय या संपादकाला छापखाना वाचवताना गोळी घालून मारलं. गावोगावच्या बायका दारोदार फिरून सह्या गोळा करत आणि अर्ज काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे पाठवत. तर १८३६ साली सभागृहानं ठरावच केला की गुलामीबद्दलचा कुठलाही अर्ज वाचायचा नाही, त्यावर चर्चा करायची नाही. जॉन क्विन्सी ॲडम्स हे माजी राष्ट्राध्यक्ष तेव्हा साधे खासदार म्हणून तिथं बसत होते. सत्तरी ओलांडली तरी ते अर्ज आणत राहिले, शिव्या खात राहिले. आठ वर्षांनी, १८४४ साली, तो ठराव रद्द झाला.

तेव्हा सदाचारी लोक होते, बाबा. पण थोडे होते, आणि बाकीचे त्यांना भांडणं लावणारे म्हणत होते.

बाकीच्यांचा भरवसा तडजोडीवर होता. तुम्ही तंटामुक्त समितीवर होतात तेव्हाचं एक वाक्य मला पाठ आहे: "ज्याचं नुकसान झालं तो सतरंजीवर बसलेला नसेल, तर ती तडजोड नव्हे." इथल्या सगळ्या तडजोडी वाचताना मी ते वाक्य मनात म्हणत होते. १८२० साली मिसूरीला गुलामीचं राज्य म्हणून घेतलं, त्याच्या बदल्यात मेनला मुक्त राज्य म्हणून घेतलं आणि पश्चिमेकडच्या मुलखात नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांवर रेघ ओढली. रेघेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल. वॉशिंग्टनमध्ये सुटकेचा श्वास टाकला गेला. म्हातारे माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन मात्र एका पत्रात लिहितात की रात्री आगीची घंटा वाजावी तसा मी दचकून जागा झालो. ते स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, आणि तरी घंटा त्यांना ऐकू आली होती.

मग मेक्सिकोशी युद्ध होऊन १८४८ साली प्रचंड मुलूख हाती आला आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला: या नव्या जमिनीत गुलामी चालणार का? १८५० साली सिनेटर हेन्री क्ले यांनी मोठी तडजोड मांडली. दक्षिणेचे पुढारी कॅल्हून मरणाच्या दारात होते, त्यांचं भाषण दुसऱ्यानं वाचून दाखवलं. आमच्या मॅसॅच्युसेट्सचे डॅनियल वेब्स्टर देश टिकावा म्हणून त्या तडजोडीच्या बाजूनं तीन तास बोलले. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, आणि दक्षिणेला त्या बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा मिळाला.

हा कायदा नीट वाचा. पकडलेल्या माणसाला स्वतःसाठी साक्ष देता येत नव्हती. पंचांसमोर सुनावणी नव्हती. निर्णय देणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर आणि सोडला तर पाच डॉलर मेहनताना. लपवायला मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि फौजदारानं हाक मारली तर कुणाही नागरिकानं पकडायला धावलं पाहिजे. ज्यांना वाटत होतं की गुलामी ही दक्षिणेची भानगड आहे, आपल्याला काय त्याचं, त्यांच्याच अंगणात ती आणून सोडली.

आता अँथनी बर्न्सबद्दल सांगते. खरं तर हे पत्र मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

विशीतला मुलगा. दक्षिणेतल्या व्हर्जिनियातला गुलाम, चोरून लिहायला-वाचायला शिकलेला. १८५४ च्या सुरुवातीला रिचमंडहून एका जहाजात लपून बॉस्टनला आला आणि एका कपड्याच्या दुकानात कामाला लागला. सुखरूप होता. मग त्यानं भावाला पत्र लिहिलं. भाऊ अजून त्याच मालकाकडे गुलाम होता. पत्र कॅनडातून टाकायची व्यवस्था बर्न्सनं केली, म्हणजे पाकिटावर शिक्का तिथला बसेल. पण आत पत्राच्या माथ्यावर त्यानं गावाचं नाव घातलं होतं: बॉस्टन. पत्र मालकाच्या हाती पडलं.

आई, पत्राच्या वर उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख घालायला तूच मला शिकवलंस. आजही हात आपोआप तिथंच गेला. हे वाचल्यापासून मला तो कोपरा पाहवत नाही.

२४ मेच्या संध्याकाळी दागिन्यांच्या चोरीचा खोटा आळ घालून त्याला रस्त्यात पकडलं. मालक, चार्ल्स सटल, कोर्टाच्या खोलीत आला आणि खोचकपणे म्हणाला, "कसे आहात, मिस्टर बर्न्स?" मुलाच्या तोंडून निघून गेलं, "मालक". तेवढं ओळख पटवायला पुरलं. डेना नावाचे वकील फुकट लढायला आले, तर तो आधी नकोच म्हणाला. परत जावंच लागणार, मग विरोध केला म्हणून तिकडं जास्त हाल होतील, ही त्याची भीती.

२६ मेच्या रात्री काळ्या आणि गोऱ्या माणसांनी मिळून कोर्टाचं दार ओंडक्यानं फोडलं. झटापटीत पहाऱ्यावरचा एक जण मेला, बर्न्सपर्यंत कुणी पोचू शकलं नाही. आयुक्तांनी निकाल मालकाच्या बाजूनं दिला, आणि २ जूनला, म्हणजे आजच्याच दिवशी, बर्न्सला बंदरावर नेलं. एका मुलासाठी सैनिक, नौसैनिक आणि भरलेली तोफ. दोन्ही बाजूंना पन्नास हजार माणसं. दुकानं बंद, खिडक्यांना काळं कापड, आणि रस्त्यावर उंच टांगलेली एक शवपेटी. तिच्यावर लिहिलं होतं: 'स्वातंत्र्य'.

आज कामावरून सुटल्यावर मी बॉस्टनमधल्या त्याच वाटेनं, स्टेट स्ट्रीटवरून, तशीच चालत पाण्यापर्यंत गेले. जुनं सभागृह अजून तिथं आहे, त्या दिवशीही होतं. लोक कॉफीचे कप घेऊन स्टेशनकडे धावत होते. बाबा, मी तिथं उभी राहून तुमच्या प्रश्नाचा विचार करत होते. त्या पन्नास हजारांत १८३५ साली गॅरिसनला ओढणारे किती असतील? काही तरी असणारच. ॲमॉस ॲडम्स लॉरेन्स नावाचा कापडाचा बडा व्यापारी, तडजोडीचा पक्का समर्थक, त्यानं लिहून ठेवलंय की आम्ही रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे, सबुरीचे, तडजोडवाले म्हणून, आणि सकाळी उठलो ते गुलामीचे कट्टर वैरी होऊन. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधून एकाही माणसाला गुलाम म्हणून परत पाठवता आलं नाही.

म्हणून मला वाटतं, जोतीरावांच्या सदाचारी लोकांत गॅरिसन आहेत, अर्ज गोळा करणाऱ्या बायका आहेत, आणि उशिरा डोळे उघडलेला हा लॉरेन्सही आहे. पण त्यांचे डोळे उघडले कुणी? पळून आलेल्या माणसांनी. तो मुलगा जीव धोक्यात घालून बॉस्टनला आला नसता, तर लॉरेन्स सुखानं झोपला असता. अर्पणपत्रिका वाचताना मी आता बर्न्सचं नाव मनात घेते.

पुढचं भरभर सांगते, ते तुम्ही वाचलेलं आहे. बर्न्स कोठडीत असतानाच, ३० मे १८५४ रोजी, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली आणि १८२० ची रेघ पुसली गेली. गुलामी हवी की नको ते तिथले रहिवासी ठरवतील, म्हणून दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये शिरले. १८५६ साली सम्नरना सिनेटमध्ये त्यांच्या बाकावरच काठीनं बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. मारणाऱ्याला त्याच्या लोकांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काळी माणसं या देशाची नागरिक होऊच शकत नाहीत. १८५९ साली गुलामीविरोधी जॉन ब्राउनचा उठाव आणि फाशी, १८६० साली लिंकन निवडून आले, आणि दक्षिणेची राज्यं फुटायला लागली. लढाई पेटल्यावर इथला कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली लढाई संपली आणि मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. आपल्या पऱ्हाटीचं आणि या माणसांचं नशीब असं एका दोरीत होतं.

बर्न्सचं काय झालं, हे आई विचारणार, म्हणून सांगते. रिचमंडला त्याला गुलामांच्या व्यापाऱ्याच्या तुरुंगात चार महिने बेड्या घालून ठेवलं, मग विकलं. बॉस्टनमधल्या काळ्या लोकांच्या चर्चचे पाद्री लेनर्ड ग्राइम्स यांनी पैसे जमवले आणि १८५५ साली तेराशे डॉलर देऊन त्याला सोडवून आणलं. तो शिकला, कॅनडात पाद्री झाला आणि १८६२ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. मधे त्यानं व्हर्जिनियातल्या आपल्या जुन्या चर्चकडून दाखला मागितला होता. त्यांनी उलट त्याला काढून टाकल्याचं कळवलं, कारण पळून जाऊन त्यानं देवाची आणि माणसांची आज्ञा मोडली. त्यानं उत्तर लिहिलं की देवानं माझ्या काळजावर जी आज्ञा लिहिली होती, तीच पाळून मी गुलामीच्या घरातून चालत बाहेर पडलो.

तर बाबा, एक काम करा. कपाटातल्या 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. शिवण सुटली आहे, तेव्हा पुस्तक फार उघडू नका, आईला पान धरायला सांगा. तिचा हातही फोटोत येऊ दे. आणि गोळ्या रात्री जेवल्यावरच घ्या, आधी नाही. मी दिवाळीला येते आहे.

तुमची,
ताई