खयचो पाय घट?

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. फोंडा घाट चढताना गाडीत सगळे झोपले होते, तेव्हा मला हे एकदम आठवलं आणि खिडकीला डोकं टेकून मी खूप वेळ रडले. देवगडहून कुणकेश्वराकडे जाताना लागणारा तो खडकाळ किनारा, माघ वद्य द्वितीया, पुरतं उजाडायच्या आत कालवं काढायला आलेल्या मावशी. तुमची एवढीच ओळख माझ्याजवळ आहे. तिकडचं कुणी हे वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल, या आशेवर लिहिते आहे.

मी भूगोलात एम.ए. करते. माझा उजवा पाय जन्मापासून अधू आहे, बुटाला कॅलिपर लावून चालते. भूगोल घेतला तेव्हा घरचे म्हणाले होते, हा डोंगरदऱ्यांचा विषय, तुला झेपेल का? मला झेपला असता. तो मला कुणी करू दिला नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी क्षेत्रभेटीला गेलो, तेव्हा मला बसमध्ये बॅगांजवळ बसवलं. काचेतून दिसली तेवढी दरी मी पाहिली. तिसऱ्या वर्षी तर सरांनी केबिनमध्ये बोलावून समजुतीने सांगितलं की तू येऊ नकोस, उगाच जबाबदारी नको, अहवाल घरी बसून लिही, मार्कांचं मी बघतो. मी कधीही न पाहिलेल्या नदीखोऱ्यावर मला वीसपैकी अठरा गुण मिळाले. ते अठरा गुण अजून गुणपत्रिकेवर आहेत आणि ती कुणाला दाखवायची वेळ आली की माझी मान खाली जाते. दिव्यांगांना शिक्षणात समान संधी आणि लागतील त्या सोयी द्यायला सांगणारा 2016 चा कायदा सरांना ठाऊक असणारच. पण त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तुला काय लागेल.

या वर्षीच्या मॅडम खरंच चांगल्या आहेत, त्यांनी मला आणलं. तरीही त्या सकाळी ठरलं ते असं की बाकीच्यांनी खडकांवर उतरायचं आणि मी वाळूत बसून आकडे लिहायचे. मी वही उघडून बसले. मुलं ओरडत, घसरत पुढे गेली. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं पाणी दूर हटलं होतं आणि एरवी बुडालेला सगळा तरंगघर्षित मंच, लाटांनी घासून सपाट केलेला खडकाचा ओटा, उघडा पडला होता. या एका शब्दावर मी दोन परीक्षांत उत्तरं लिहिली होती. तो माझ्यापासून वीस पावलांवर होता.

तुम्ही डोक्यावर पाटी घेऊन माझ्यासमोरून गेलात, थांबलात आणि माझ्या बुटाकडे पाहिलंत. मला पुढचा प्रश्न पाठ होता. काय झालं गं पायाला, जन्मापासून का, औषध केलंस का? मी उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, "बाय, तुजो खयचो पाय घट आसा?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत, तेव्हा मी म्हटलं, डावा. तुम्ही मान हलवलीत, पाटी खाली ठेवली, माझ्या उजव्या बाजूला आलात आणि कोपर पुढे केलंत.

मावशी, बावीस वर्षांत डॉक्टर धरून सगळ्यांनी माझ्या वाईट पायाची चौकशी केली आहे. चांगला कोणता हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. हात धरून ओढणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या ओढीनेच मी जास्त वेळा पडले आहे. तुम्ही ओढलं नाहीत. नुसतं कोपर दिलंत आणि मी भार टाकेपर्यंत वाट पाहिलीत. हिरवं शेवाळ टाळायचं आणि खरखरीत कालवांवर पाय द्यायचा, बूट तिथे सरकत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. मधे मी घाबरून थांबले तर म्हणालात, "सावकास चल. पाणी येवक अजून येळ आसा."

मी पोचल्यावर मैत्रिणीने न बोलता एक काठी माझ्या हातात दिली. आम्ही किनाऱ्याचा उतार मोजत होतो. सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या आणि मधे मोजलेली दोरी, एवढंच त्याला लागतं. खालच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा आपल्या काठीला वरून जितक्या खाली छेदते, तेवढा उतार. एमरी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1961 मध्ये ही पद्धत मांडली. पुस्तकात चार ओळी आहेत. पण त्या सकाळी माझ्या डोळ्यासमोर खरं क्षितिज होतं आणि काठीवरचा आकडा मी मोठ्याने ओरडून सांगितला, वाळूत बसलेल्या दुसऱ्या कुणीतरी तो लिहून घेतला.

तेवढ्यात तुम्ही खडकावरचा कालवांचा पांढुरका पट्टा दाखवलात. "हेच्या वर कालवां गावूची नाय." रोज ठरावीक वेळ पाण्याखाली राहील तिथेच ती धरतात, म्हणून तो पट्टा म्हणजे समुद्राने स्वतः आखलेली पातळी. आम्ही तो काठ्यांनी मोजला. मग कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या, खोलीएवढ्या जांभ्याच्या धोंड्याकडे बोट करून तुम्ही सहज म्हणालात, "ह्यो धोंडो माज्या लग्नाच्या वर्सा थंय वयर होतो." मॅडम धावत आल्या. जांभ्याचा वरचा थर कठीण, खालचा मऊ. लाटा खालून पोखरतात आणि वरचा भाग तुकड्यातुकड्यांनी कोसळतो, हे आम्हाला तोंडपाठ. पण अमुक धोंडा कधीपर्यंत वर होता, हे सांगणारं माणूस आमच्यापैकी कुणाला भेटलेलं नव्हतं. वहीत मी तुमचं वाक्य तुमच्याच बोलीत लिहिलं आहे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट, म्हणजे द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, हा हिशेब तुम्ही सांगितलात तेव्हा मी तो कौतुकाने टिपून घेतला. परत येऊन नीट विचार केला. भरतीच्या सहा तास आधी, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पाणी फिरतं. अशी उधाणाची सुकती पुनवेच्या आणि अवसेच्या आगेमागे चार दिवस मिळते, आणि तेवढ्या वेळात एकेक शिंपलं फोडून गर काढायचा. त्यातला जवळजवळ तासभर तुम्ही मला दिलात. निघताना तुमच्या भांड्याचा तळही झाकलेला नव्हता. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

कार्ल सॉवर नावाचे थोर भूगोलज्ञ 1956 मधल्या एका भाषणात म्हणाले होते की क्षेत्रात हिंडताना चाल संथ असावी, जितकी संथ तितकी बरी, आणि मधे मधे थांबावं. वर्गात हे ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, मग माझ्यासारखीला मागे का ठेवतात? आपल्याकडे अजून पदव्या न घेतलेली, दुसऱ्याच्या चालीने चालू शकणारी माणसं आहेत. खाडीवर तर हाकेसरशी होडी थांबवणारे, अनोळखी पोरांना पडवीत झोपायला जागा देणारे किती आहेत. अशा माणसांच्या जिवावर आमच्या क्षेत्रभेटी पार पडतात आणि अहवालाच्या शेवटी आम्ही "स्थानिकांचे आभार" एवढ्या दोन शब्दांत त्यांना उरकतो. माझ्या अहवालात तुमच्यासाठी पूर्ण पान आहे.

त्याला वीसपैकी चौदा गुण मिळाले. ते माझे आहेत.

चैत्री पुनवेनंतरच्या द्वितीयेला मी परत येते आहे, या वेळी एसटीने, एकटी. कालवांचा पट्टा आणखी दोन ठिकाणी मोजायचा आहे. सातच्या आत वाळूत उभी असेन. तुमचं काम आधी होऊ दे, भांडं भरू दे, मी थांबेन. आणि नाव मात्र पहिल्यांदा विचारणार आहे.

तुमची,
डावा पाय घट असलेली मुलगी