आधी गज घालून बघा : गृहराज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहराज्यमंत्री (ग्रामीण), महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी तळकोकणातला शेतकरी. आमच्या माजघराच्या भिंतीवर आजोबांच्या काळापासून ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची, बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. वडील गेल्यावर, २००९ साली, परवाना माझ्या नावावर झाला. तेव्हा सातबारा मागितला, भावंडांची संमती मागितली, चारित्र्याचा दाखला मागितला. बंदूक भरलेली आहे की खाली, हे तुला ओळखता येतं का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

ठासणीच्या बंदुकीची मेख तिथेच आहे. काडतुसाची बंदूक मधोमध वाकवून उघडली की नळीत डोळ्यांनी बघता येतं. हिच्या नळीचं मागचं तोंड बंद. दारू, चिंध्या, छर्रे एकदा ठासले की बाहेर काढायचा सोपा मार्ग एकच, बार काढणे. रात्री रानडुकरासाठी भरली आणि डुक्कर आलंच नाही, तर माणूस वरची केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढतो आणि बंदूक तशीच भरलेली खुंटीला लावतो. सहा महिन्यांनी घरातलं दुसरं कुणी ती खाली समजून हातात घेतं.

आजोबांनी गजावर, म्हणजे दारू ठासायच्या लांब सळईवर, कानशीने दोन खुणा केल्या होत्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज आत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी कुठली खूण येते ते बघायचं. मला मिळालेलं प्रशिक्षण एवढंच. (बार फसला तर नळी मोकळ्या बाजूलाच रोखून मिनिटभर थांबायचं, हे मी पुढे एका शेजाऱ्याचा भाजलेला गाल बघून शिकलो.)

कायद्याला आम्ही माहीत नाही असं नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणही आणलं. पण ते नव्या अर्जदाराला. आम्ही जुने तसेच राहिलो.

१ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली, तेव्हा दिवसभर टीव्हीवर तेच होतं. रानातली गोष्ट वेगळी. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून सोबत्यावरच गोळी झाडली आणि घाबरून मृतदेह झुडपांत लपवला. शिकार बेकायदा, म्हणून अपघातही दडवायचा. त्या भीतीवर माझ्याकडे उपाय नाही. पुढच्या गोष्टीवर आहे.

निवडणूक लागली की आमच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ मध्ये मी दोनदा रांगेत उभा राहिलो. लोकसभेला काजूच्या हंगामात, विधानसभेला भात कापणीच्या तोंडावर, म्हणजे डुकरं-वानरं शेतात असताना नेमके आम्ही हात हलवत घरी. तो राग वेगळा; आज तो काढत नाही. रांगेत माझ्या पुढच्याने बंदूक टेबलावर आडवी ठेवली, नळी थेट लिहिणाऱ्या हवालदाराच्या पोटाकडे. हवालदाराने विचारलं, "भरलेली नाही ना?" तो म्हणाला, "नाय ओ, खाली आसा." झालं. नंबर लिहिला, पावती फाडली.

साहेब, तालुक्यातले बहुतेक परवानाधारक आपल्या पायांनी, बंदूक घेऊन, एका जागी येतात असा दुसरा प्रसंग नाही. बंदुका परत देण्याच्या दिवशी मुख्यालयातला आर्मोरर, म्हणजे पोलिसांचा शस्त्रं दुरुस्त करणारा माणूस, ठाण्यात बसवा. घोडा (केपेवर आपटणारा भाग) अर्धा ओढल्यावर तिथेच थांबतो की झिजल्यामुळे आपोआप सुटतो, ते त्याने बघावं. सुटत असेल तर दुरुस्तीशिवाय बंदूक परत देऊ नये. केपा आणि दारू बंदुकीपासून दूर, कुलपात ठेवायला सांगावं. आणि तासभर सगळ्यांकडून नळीत गज घालून घ्यावा. नवा निधी लागणार नाही, फार तर चहाचा खर्च.

फक्त जमा करतानाच गजही सोबत आणायला सांगा. पावतीवर त्याची नोंद होत नाही, म्हणून निम्मे लोक तो घरी ठेवून येतात.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी