मधुमेहींच्या वार्षिक तपासण्यांत बी-१२ हवेच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मधुमेहाच्या रुग्णाने वर्षातून एकदा करायच्या तपासण्यांची यादी आता बऱ्याच जणांना तोंडपाठ असते: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, कोलेस्टेरॉल आणि डोळ्यांचा पडदा. त्या यादीत नसांना आणि रक्ताला लागणारे बी-१२ जीवनसत्त्व मात्र क्वचितच आढळते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते. मी औषधनिर्माता आहे. मेटफॉर्मिनची मात्रा हळूहळू वाढत गेली आहे, पुढे चिठ्ठीत त्याखाली पायांच्या मुंग्यांसाठी प्रीगॅबालिनची भर पडली आहे आणि तरीही बी-१२ एकदाही मोजलेले नाही, असे रुग्ण माझ्यासमोर नेहमी येतात. त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मेटफॉर्मिन हे उत्तम औषध आहे. फ्रान्समध्ये १९५७ साली ते मधुमेहावर प्रथम वापरले गेले, आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासात, वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये त्याने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी केल्याचे दिसले. तेव्हा हे पत्र वाचून कोणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की या गोळीने शरीरातले बी-१२ कमी होऊ शकते, हा परिणाम अर्ध्या शतकापासून माहीत आहे, तो मोजता येतो, भरूनही काढता येतो, आणि असे असताना तो न मोजणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातील आम्ल ते मोकळे करते, जठरातच तयार होणारे ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचे प्रथिन पुढे त्याला बिलगते आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. या शोषणासाठी तेथे कॅल्शियम लागते आणि मेटफॉर्मिन नेमका तेथेच अडथळा आणते, असे मानले जाते. घाटा एका दिवसात जाणवत नाही, कारण शरीरात, मुख्यतः यकृतात, साधारण २ ते ५ मिलिग्रॅम बी-१२ साठवलेले असते आणि रोजची गरज असते जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. साठा काही वर्षे पुरतो. म्हणूनच गोळी सुरू करताना सांगायचे राहून गेलेले पुढे कोणाच्याच लक्षात येत नाही. पाय बधिर होऊ लागतात तोवर गोळी सुरू होऊन इतका काळ लोटलेला असतो की रुग्णाच्या मनात या दोहोंचा संबंध उरत नाही.

हा परिणाम किरकोळ आहे असे समजण्याचे कारण नाही. नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ३९० मधुमेहींना ८५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिवसातून तीनदा देऊन सुमारे ४.३ वर्षे पाहिले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार मेटफॉर्मिनच्या गटात बी-१२ ची पातळी तुलनेने १९ टक्क्यांनी घटली, आणि ही घट काळाबरोबर वाढत गेली. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे, विशेषतः रक्तक्षय किंवा पायांच्या नसांची तक्रार असलेल्यांचे, बी-१२ वेळोवेळी तपासावे असे २०१७ पासून नमूद आहे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२ मध्ये ही कमतरता या औषधाच्या ‘सामान्य’ दुष्परिणामांत, म्हणजे दहांपैकी एकापर्यंत रुग्णांना होऊ शकणाऱ्या परिणामांत, घातली. मात्रा जितकी जास्त आणि काळ जितका लांब, तितका धोका अधिक. त्यात रुग्ण पूर्ण शाकाहारी असेल, वयस्कर असेल किंवा आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेत असेल, तर एकाच साठ्याला दोन-तीन बाजूंनी गळती लागते.

खरी अडचण निदानाची आहे. तळपायांना मुंग्या, तळव्यांची आग, कापसावर चालल्यासारखे वाटणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, या तक्रारी मधुमेहामुळे नसा खराब झाल्या तरी होतात आणि बी-१२ कमी झाले तरी होतात. रुग्णाला मधुमेह आहे हे आधीच माहीत असल्याने सारा दोष साखरेच्या माथी मारला जातो आणि विचार तिथेच थांबतो. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे, घोट्याच्या हाडावर टेकवलेल्या ट्युनिंग फोर्कचे कंपन न जाणवणे, जीभ लालसर व गुळगुळीत होणे, विसराळूपणा वाढणे ही लक्षणे असतील तर बी-१२ चा संशय अधिकच घ्यायला हवा. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ ठीक असणार, हा तर्कही फसवा आहे. रक्तात काहीही दिसत नसताना नसांची हानी होऊ शकते, आणि केवळ फॉलिक अॅसिड दिल्यास रक्त सुधारते पण नसांची झीज चालूच राहते. जाता जाता हेही सांगायला हवे, की बी-१२ च्या अभावाने झालेल्या रक्तक्षयात लाल पेशी जास्त काळ टिकत असल्याने एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणजे ज्या आकड्यावरून मेटफॉर्मिनची मात्रा वाढवायची तोच चुकू शकतो.

अनेकांना आपण मेटफॉर्मिन घेतो हेच ठाऊक नसते. ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन अशा औषधांबरोबर ते एकाच गोळीत एकत्र केलेले असते. पाकिटावर ठळक असते ते ब्रँडचे नाव, आणि ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड ५०० मिलिग्रॅम’ हे शब्द पट्टीच्या मागे, चंदेरी कागदावर, बारीक अक्षरांत असतात. पट्टीचा तो कोपरा कापून गोळ्या दिल्या की तेही हाती राहत नाही. घरातल्या तरुण मंडळींनी एकदा आई-वडिलांच्या सगळ्या पट्ट्या उजेडात धरून वाचाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तपासणीच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. मुंग्यांवर दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ च, असते. ती सुरू केल्यावर रक्त दिले तर अहवालातला आकडा चांगला येतो आणि मूळ कमतरता कधी कळतच नाही. म्हणून आधी रक्त, मग गोळी. पातळी मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरली जाते. २०० ते ३०० च्या दरम्यान असेल तर मिथाइलमॅलोनिक अॅसिड किंवा होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे घटक) मोजून शंका मिटवता येते. उपचार साधे आहेत. इंजेक्शने देता येतात, किंवा १००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या देता येतात, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का भाग नेहमीच्या मार्गाशिवायही शोषला जातो आणि तेवढा रोजच्या गरजेला पुरून उरतो. मेटफॉर्मिन सहसा चालू ठेवता येते. रक्त काही आठवड्यांत सुधारते, नसांना मात्र महिने लागतात आणि दुखणे फार जुने असेल तर बधिरपणा कायमचा राहतो.

माझ्या दोन मागण्या आहेत. प्रयोगशाळा ‘डायबेटिक प्रोफाइल’ या नावाने तपासण्यांचा जो संच देतात, त्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांसाठी बी-१२ चा समावेश असावा. आणि मेटफॉर्मिन असलेल्या प्रत्येक पाकिटावर, संयुक्त गोळ्यांच्याही, ‘दीर्घकाळ वापरात बी-१२ ची तपासणी करावी’ ही सूचना रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत आणि आकारात छापली जावी.

आपला,
एक औषधनिर्माता